लाल कुपी

जांबोटी सोडून गाडी कणकुंबीच्या वळणांना लागली आणि डॅशबोर्डवर काहीतरी लाल लुकलुकलं. वळण संपलं, दिवा गेला. पुढच्या वळणाला परत आला. बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळीला साखरपुड्याला निघालो होतो. शेजारी सासूबाई, मागच्या सीटवर माझा मुलगा आणि त्याच्या मांडीवर कुंद्याचा डबा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते समईसारखं काय पेटालंय बघ."

मला ती समई वाटली नाही. लांब चोचीची, टोकाला एक थेंब लोंबणारी ती कुपी मी लहानपणापासून ओळखते. बेळगावच्या वडगावात आमच्या आप्पांचे चार पॉवरलूम होते. रोज सकाळी सात वाजता आप्पा अशीच पत्र्याची कुपी घेऊन एकेका मागाभोवती फिरायचे. क्रँकच्या दोन्ही बाजूंना, खालच्या शाफ्टला, टॅपेटला, जिथं जिथं लोखंड लोखंडावर फिरतं तिथं बुडावर अंगठा दाबून दोन-दोन थेंब. तेल दिल्याशिवाय बटण दाबायचं नाही हा घरचा नियम. एकदा कामगारानं कंटाळा केला तर आप्पांनी दिवसभर माग बंद ठेवला होता, साडी अर्ध्यात असताना.

त्या माणसाची मुलगी मी, आणि दहा महिन्यांत एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं.

एवढं सगळं आठवूनसुद्धा मी आणखी दोनेक किलोमीटर गाडी चालवली, हे कबूल करते. दिवा सरळ रस्त्यावर विझत होता ना, मग वाटलं वायरिंगचं काहीतरी असेल. चहाच्या हॉटेलापाशी थांबले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोवाल्या मामांना सहज विचारलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"ताई, गाडी बंद आहे न्हवं? मग आता चालूच करू नका. इंजिन गरम व्हायला लागलं तर वास येतोय, आवाज येतोय, थोडा टाइम मिळतोय. ऑइलचा दिवा लागला की टाइम नसतोय."

त्यांनीच इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून दाखवली. पिवळ्या कडीची, लांब, लवचिक पट्टी. पुसून परत आत घातली, बाहेर काढली. टोकाला दोन खुणा असतात, वरची भरलेल्याची, खालची कमीत कमीची. माझ्या पट्टीच्या खालच्या खुणेलाही तेल टेकलेलं नव्हतं. अगदी शेंड्याला काळपट ओल होती, तेवढीच.

वळणावरच दिवा का लागत होता, ते मला नंतर समजलं. तो लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. इंजिनाच्या तळाशी जे भांडं असतं, ज्याला गॅरेजात सगळे चेंबर म्हणतात, त्यातून पंप तेल ओढतो. तेल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, दाब पडतो, दिवा लागतो. सरळ रस्त्यावर तेल जागेवर येतं, दिवा जातो. म्हणजे दिवा गेला याचा अर्थ बरं झालं असा नव्हताच. आणि दिवा लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे घशाला कोरड पडून चक्कर आल्यावर पाण्याची सोय करणं.

जवळच्या दुकानात मोटरसायकलचं ऑइल तेवढं मिळालं, 20डब्ल्यू-40, एक लिटरची बाटली. मामा म्हणाले, गावात पोचण्यापुरतं चालतंय, पण ठेवू नका. ते बरोबरच होतं. मोटरसायकलमध्ये बहुधा इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात फिरतात, म्हणून ते तेल क्लच घसरणार नाही अशा बेतानं बनवलेलं असतं. कारच्या तेलाला ती अडचण नसते, त्याचा मसाला वेगळा. पण कोरड्या इंजिनापेक्षा चुकीचं तेल केव्हाही परवडलं. आधी अर्धी बाटली, मग पट्टी, मग उरलेली. पट्टीवर तेल दोन खुणांच्या मध्ये आलं. गाडी चालू केली, दिवा विझला. सासूबाई आणि मुलगा मागून येणाऱ्या दिरांच्या गाडीत बसून पुढं गेले, कुंद्याचा डबाही गेला, आणि मी एकटीच किणये, पिरनवाडीवरून बेळगावला परत. वाटेत रेडिओ लावला नाही. इंजिनाचा आवाज ऐकत होते. चाळीसच्या वर काटा नेला नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टी काढल्या: गाडीबरोबर आलेलं पुस्तक, जे 2013 पासून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं, आणि मागच्या जूनमधलं सर्व्हिसिंगचं बिल. पुस्तकात लिहिलं होतं की फिल्टरसकट तेल बदललं तर या इंजिनात तीन लिटरच्या आतच तेल बसतं. बिलात साडेतीन लिटर लावलं होतं. वर 'इंजिन फ्लश' आणि कसल्याशा 'ट्रीटमेंट'चे पैसे वेगळे. पुस्तकात या दोन्हींचा शब्दही नव्हता. सगळीकडं असंच करतात असं मी म्हणणार नाही. पण बिल हातात आल्यावर मी फक्त शेवटचा आकडा बघून कार्ड पुढं केलं होतं, हेही तितकंच खरं.

आणखी एक गैरसमज तिथंच निघाला. काचेवर चिकटवलेल्या स्टिकरवर 10,000 किलोमीटर लिहिलेलं. माझं झालं होतं 5,800. खानापूर तालुक्यातल्या शाळेत होते तेव्हा रोज पन्नासेक किलोमीटर व्हायचे. शहरात बदली झाल्यापासून वडगाव ते शाळा, शाळा ते बाजार, बाजार ते घर. मला वाटायचं, गाडी कमी चालते म्हणजे इंजिन आरामात आहे. पुस्तकात मात्र '10,000 किलोमीटर किंवा 12 महिने, जे आधी होईल ते' असं होतं आणि खाली बारीक अक्षरात यादी: कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, सतत गर्दीत थांबत चालणं, असं असेल तर त्याच्याही आधी बदला. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत तेल पुरतं तापतच नाही. आत वाफेचं पाणी साचतं, न जळलेलं पेट्रोल झिरपतं, आणि ते उडून जायला जी उष्णता लागते ती मिळायच्या आतच आपण किल्ली फिरवून भाजी घ्यायला उतरतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर हे रोजचंच.

दुसऱ्या दिवशी मावसभावाला फोन केला. तो उद्यमबागेत क्रँक ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. म्हणाला, "ये, एक गोष्ट दाखवतो." तिथं टेबलावर एक क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, पडला होता, कुणाच्यातरी तेलाविना चाललेल्या गाडीचा. जिथं आरशासारखं गुळगुळीत असायला पाहिजे तिथं नखानं ओरबाडल्यासारखे चरे, आणि एक भाग निळसर पडलेला. "इथं आणि बेअरिंगमध्ये फट किती असते ठाऊक आहे? मिलिमीटरचे दोन-चार शंभरावे भाग. तुझ्या केसापेक्षा कमी. त्या फटीत तेल दाबानं भरलेलं असतं आणि शाफ्ट त्या तेलावर तरंगतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही. दाब गेला की लागतं." मी चऱ्यांवरून बोट फिरवलं. आप्पांच्या मागाचा क्रँक सावकाश फिरायचा, त्याला दोन थेंब पुरायचे. हा मिनिटाला हजारांनी फिरतो.

भावानं अनगोळकडचे एक मेस्त्री सांगितले. गॅरेज लहान, पण आत खड्डा आहे, त्यात उतरून गाडीखाली उभं राहता येतं. मेस्त्रींची मातृभाषा कन्नड, मराठी आमच्याइतकंच. मी कणकुंबीची हकीकत सांगितली. त्यांनी गाडी चालू करून नुसतं ऐकलं, आणि म्हणाले, "चिंती माडब्याड्री अक्का, काळजी नको. ठोकत नाही इंजिन. वाचलंय." मी म्हटलं, ऑइल बदलताना मला बघायचंय, जमलं तर हात लावायचाय. त्यांनी मला एक जुना शर्ट दिला आणि पोराला बाजूला केलं.

आधी तेलाचा डबा. त्यांनी कपाटातून एक काढला तर मी पुस्तकाची पानं पुढं केली: 5डब्ल्यू-30. मेस्त्री हसले. त्यांचं मत, दहा वर्षांच्या गाडीला जरा घट्ट तेल बरं. हे मत आपल्याकडं पुष्कळ जणांचं आहे आणि त्यात काहीच तथ्य नाही असंही नाही, झिजलेल्या इंजिनात घट्ट तेल थोडं कमी जळतं. पण आकडे काय सांगतात ते बघा. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं चटकन. मागचा आकडा इंजिन तापल्यावर, 100 अंशांना, तेल किती दाट राहतं त्याचा. गुऱ्हाळातली काकवी आठवा. कढईतून काढताना पाण्यासारखी पडते, आणि तीच पौषातल्या पहाटे बरणी उलटी केली तरी येत नाही. इंजिनाची बरीचशी झीज सकाळी पहिल्यांदा चालू करताना होते, तेल वर चढेपर्यंतच्या क्षणांत. माझी गाडी दिवसातून सहा वेळा थंडीच चालू होते. मी 5डब्ल्यू-30 वरच अडून राहिले. "तुमची गाडी, तुमचं ऑइल," म्हणत मेस्त्रींनी पोराला दुकानात पिटाळलं.

डब्यावर आणखी दोन अक्षरं बघायची असतात. एपीआय (तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) असं लिहिलेलं असतं, त्याच्या पुढं 'एस'नं सुरू होणारी जोडी पेट्रोल इंजिनाची, 'सी'नं सुरू होणारी डिझेलची. पेट्रोलची जोडी वर्णमालेत जितकी पुढं तितकी नवी: एसएम 2004 ची, एसएन 2010 ची, एसपी 2020 ची. पुस्तकात जी सांगितली असेल ती किंवा तिच्या पुढची चालते, मागची नको. आमच्या शाळेतल्या एका सरांची बीएस-6 डिझेल आहे, त्यांना तर वेगळंच पथ्य. धुरातली काजळी धरणारी जाळी असते तिला, त्यामुळं कमी राख करणारं खास तेल घालावं लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून साधं ओतलं तर जाळी तुंबते आणि ती जाळी बदलण्याचा खर्च ऐकून माणूस बसतो.

गाडी दहा मिनिटं चालू ठेवून तेल कोमट केलं. गार तेल सावकाश उतरतं आणि गाळ तळाशीच राहतो, उकळतं तेल हात भाजतं, म्हणून मधलं. वरचं झाकण सैल केलं. खड्ड्यात उतरले तेव्हा पहिल्यांदा माझी गाडी खालून बघितली. चेंबरच्या तळाशी एकच मोठा नट. त्याच्याभोवती तेलाची काळी ओल, धूळ बसून चिकट झालेली.

"हे बघा अक्का, जुनाच वायसर परत घातलाय. दोन रुपड्यांचा तुकडा." नटाखाली मऊ धातूची चकती असते, आवळल्यावर ती चेपते आणि फट बुजवते. एकदा चेपली की दुसऱ्यांदा नीट चेपत नाही. माझं थेंब-थेंब तेल दहा महिने तिथून रस्त्यावर सांडत होतं. वर इंजिनाच्या डोक्यावर टॅपेट कव्हरचं पॅकिंगही पाझरत होतं. टॅपेट! मेस्त्रींनी तो शब्द उच्चारला आणि मला मागाची खटखट ऐकू आली.

सतराचा रिंग पाना लावून नट मी ढिला केला, शेवटचे आटे बोटांनी. नट वर दाबून धरत फिरवायचा आणि एकदम बाजूला करायचा, नाहीतर तेल मनगटावरून कोपरापर्यंत. माझं कोपरापर्यंत आलं. मेस्त्रींनी खाली खुणा केलेला कॅन धरला होता. धार बारीक होत थेंबांवर येईपर्यंत पंधरा मिनिटं थांबलो, चहा झाला. कॅनमध्ये भरलं सव्वादोन लिटर. त्यातलं एक लिटर जांबोटीच्या पुढं ओतलेलं. म्हणजे त्या वळणांवर माझ्या इंजिनात तेल होतं सव्वा लिटर.

मेस्त्रींनी दोन बोटांत तेल चोळून दाखवलं. काळं आहे म्हणून मेलं असं नाही, काजळी धरून ठेवणं हे चांगल्या तेलाचं कामच. डिझेलमध्ये तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. भ्यायचं ते दुसऱ्या रंगाला. दुधाळ, चहात साय ढवळल्यासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, बोटाला खडे लागले किंवा चकाकी दिसली तर लोखंड झिजतंय, पेट्रोलचा वास आला तर तेल पातळ झालंय. माझ्यात चकाकी नव्हती. पेट्रोलचा वास मात्र होता.

फिल्टर हातानं फिरवून काढला. नव्याच्या रबरी रिंगला नवं तेल बोटानं लावलं, जुन्याची रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बघितलं, आणि रिंग टेकल्यावर पाऊण फेरा, हातानंच. नटाखाली नवा वायसर. मी जोर लावून आवळायला गेले तर मेस्त्रींनी पाना धरला. चेंबरचे आटे एकदा गेले की मग चेंबरच बदला. घट्ट म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे.

वरून नरसाळ्यानं अडीच लिटर ओतलं, पट्टी बघितली, थोडं आणखी. गाडी मिनिटभर चालवून बंद केली, पाच मिनिटं थांबून परत पट्टी, आणि फिल्टरमध्ये गेलेलं तेवढं वरून भरलं. वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबलो. जास्त ओतणंही वाईट, फिरणारा क्रँक तेलात बुडतो, फेस करतो, आणि फेसावर काही तरंगत नाही. रिकामा डबा मी खिळ्यानं भोसकला. त्यात दुसरं काही भरून कुणी विकू नये म्हणून. मेस्त्रींना ते पटलं, रागावले नाहीत.

काढलेलं तेल ड्रममध्ये गेलं. पूर्वी सेंट्रिंगवाले यायचे, प्लेटांना चोपडायला न्यायचे. कुंपणाच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून शेतकरीही न्यायचे. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवाना असलेल्या शुद्धीकरणवाल्यांकडंच जायला पाहिजे. मेस्त्रींचा ड्रम भरला की गाडी येऊन वजनावर घेऊन जाते. सगळेच असं करतात का? पावसाच्या पहिल्या सरीनंतर बळ्ळारी नाल्याच्या पाण्यावर जांभळी-हिरवी साय तरंगते ती मी शाळेत जाता-येता बघते. तोच नाला पुढं येळ्ळूर-वडगावच्या भातशेतात शिरतो. बेळगावच्या बासमतीचं कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जण अंगणात काढलेलं तेल गटारात सोडतात, कोण जाणे.

टॅपेटचं पॅकिंग पुढच्या आठवड्यात बदललं. बेत असा होता की दर पंधरा दिवसांनी, रविवारी, पट्टी बघायची आणि वहीत लिहायचं. पहिल्या महिन्यात आकडे वेड्यासारखे वरखाली. तेल कमी झालं, मग वाढलं! चूक गाडीची नव्हती, आमच्या गल्लीची होती. उतार आहे तिथं. आता शाळेच्या मैदानावर, सुट्टीनंतर, गाडी बंद करून थोडा वेळ वह्या तपासते आणि मग पट्टी काढते. एकदा पुसून, दुसऱ्यांदा बघायची, पहिल्यांदा निघालेली पट्टी खोटं बोलते. सातवीची पोरं भोवती जमतात.

हिशेब मांडल्यावर असं दिसतं की आधी माझी गाडी साडेतीन-चार हजार किलोमीटरला लिटरभर तेल खायची, थोडं गळून, थोडं जळून. गळणं थांबल्यावर ते जवळपास निम्म्यावर आलं. उरलेलं जळतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात म्हणे, त्यासाठी इंजिन खोलायची घाई नको असं मेस्त्रींचं मत, आणि इथं मी त्यांच्या बाजूनं. डिकीत तेच 5डब्ल्यू-30 चं अर्धा लिटर ठेवते, खुणेच्या मध्याखाली उतरलं की घालते. तेल मात्र आता दहा हजारांची वाट न बघता दर पाच हजारांना किंवा आठ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदलायचं ठरवलंय.

मागच्या खेपेला गॅरेजात गेले तेव्हा पॉवरलूमच्या कारखान्यातलं सुताचं वेस्ट पोतंभर घेऊन गेले. गॅरेजात हात पुसायला ते लागतंच, आणि मेस्त्री बाजारातून विकत आणत होते. त्यांनी पोतं उघडून बघितलं, "चांगलं आहे, पॉलिस्टर नाही," म्हणाले, आणि खणातून मूठभर नवे वायसर काढून माझ्या पर्समध्ये ओतले. सासूबाईंना ते पैसे वाटले.